चहा निवायच्या आत

डॉ. नगरकर ऑपरेशनला आत जाण्याआधी चहा सांगत. स्वतःसाठी नव्हे, पेशंटच्या नातेवाइकांसाठी. हात धुवायला जाता जाता ते व्हरांड्यात थांबायचे, बाकांवर अंग चोरून बसलेल्या माणसांवरून एकदा नजर फिरवायचे आणि समोरच्या टपरीकडे पाहून ओरडायचे, "अरे, मंडळींना चहा आण. कडक आण." मग त्या घाबरलेल्या माणसांना सांगायचे, "घ्या निवांत. चहा निवायच्या आत बाहेर येतो."

आणि ते खरोखरच यायचे. बशीत ओतलेला चहा ओठाशी असतानाच दार उघडायचं आणि टोपी, मास्क, रबरी हातमोजे अशा थाटात नगरकर उभे राहायचे. हातात स्टीलचा ट्रे. ट्रेमध्ये चिरलेलं पित्ताशय आणि त्यातून निघालेले खडे. बशा खाली ठेवायची सुद्धा शुद्ध कुणाला राहत नसे. कुणी हात जोडायचं, कुणी पायाशी वाकायचं. नगरकर दोन पावलं मागे सरकून म्हणायचे, "झालं!"

हा माणूस मला कधीही आवडला नाही, हे आधीच सांगून टाकतो. पुढे काही चांगलं येईल म्हणून कुणी वाट पाहू नये.

मी एका औषध कंपनीचा एम.आर. होतो. जळगाव आणि धुळे हे माझे दोन जिल्हे. हातात चामड्याची जड बॅग, गळ्यात टाय, आणि डोक्यावर खानदेशातलं ऊन. आमच्या नोकरीत औषधांची माहिती सांगणं हे नावाला. खरं काम डॉक्टर आत बोलावतील तोवर बाकावर बसून राहणं. जळगावातल्या नगरकरांच्या त्या बाकावर मी इतका बसलो की टपरीवाला मलाही नातेवाईक समजून चहा देऊ लागला. तिथे बसून मी नगरकरांना जितकं पाहिलं, तितकं त्यांच्या घरच्यांनीही पाहिलं नसेल. घरी ते काय दिवे लावत होते कोण जाणे; दवाखान्यात मात्र ते चोवीस तास रंगमंचावर असत.

मूर्ती ठेंगणी, रंग गोरा. पांढराशुभ्र सफारी, खिशात कंगवा आणि बोलताना समोरच्याच्या डोक्यावरून पलीकडे पाहण्याची सवय, जणू मागे आणखी माणसं बसलीयत आणि त्यांनाही ऐकू गेलं पाहिजे. दुसऱ्याचं वाक्य पुरं होऊ देणं त्यांना जमत नसे. पेशंटने "डॉक्टरसाहेब, इथे उजवीकडे..." एवढं म्हणेपर्यंत ते "पित्ताचे खडे. काढून टाकू. झालं!" असं म्हणून मोकळे. मी दोन वर्षं एका नव्या अँटिबायोटिकचं नाव त्यांना सांगायचा प्रयत्न करत होतो. ते पहिल्या दोन अक्षरांपलीकडे कधी गेलं नाही.

त्यांच्या खोलीत एक काचेचं कपाट होतं. दुसऱ्या डॉक्टरांकडे अशा कपाटात पुस्तकं असतात. यांच्या कपाटात खडे होते. काढलेले खडे, छोट्या बाटल्यांत, आणि प्रत्येक बाटलीवर गावाचं नाव. माणसाचं नाही, गावाचं. पारोळा, नरडाणा, पिंपळनेर, साक्री. नवा पेशंट आला की ते आधी त्याचं गाव विचारत आणि उठून त्या गावची बाटली काढून त्याच्या हातात देत. "हा बघा तुमच्या पिंपळनेरचा. सुपारीएवढा आहे." माणूस पोटातली कळ विसरून बाटली उन्हात धरून बघायचा. ज्या गावची बाटली नसे त्या गावच्या माणसाला उगीचच ओशाळल्यासारखं व्हायचं. पित्ताच्या खड्यांवरून गावागावांत चढाओढ लावणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

ऑपरेशनबद्दल त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. शिकाऊ डॉक्टर असो, पेशंटचा मामा असो की आमच्यासारखा बॅगवाला असो, सगळ्यांना ते तेच सांगत. "पित्ताशय म्हणजे झाडावरचा पेरू. देठ धरायचा, ओढायचा, कापायचा. झालं!" हे सांगताना डाव्या हाताने हवेतला पेरू ओढून उजव्या हाताने कात्री चालवून दाखवत. ऐकणारा हसला नाही तर पुन्हा दाखवत.

धुळ्याच्या डॉ. कोतवालांचा विषय त्यांच्यासमोर काढायची सोय नव्हती. कोतवाल त्यांच्याहून वयाने मोठे, हाताने संथ. ते पोट उघडून आधी बराच वेळ नुसते पाहत बसतात असं त्यांच्याकडच्या नर्स सांगत. नगरकर म्हणायचे, "कोतवालांनी पोट उघडलं की नातेवाईक घरी जाऊन जेवून येतात, झोप काढतात, आणि परत येतात तेव्हा त्यांचं अजून शोधणंच चाललेलं असतं." यावर ते स्वतःच एवढे हसत की आम्हाला हसण्याची गरज उरत नसे. तरी आम्ही हसायचो. पोटासाठी माणूस काय काय करतो.

आता अक्कांविषयी सांगतो, कारण नगरकरांची खरी ओळख मला त्यांच्यामुळे झाली.

पारोळ्याजवळच्या एका खेड्यात अक्कांचं शेत. त्यांच्या यजमानांचं, आबांचं, हर्नियाचं ऑपरेशन नगरकरांनी केलं होतं आणि ते उत्तम पार पडलं होतं. हे मला मान्यच केलं पाहिजे. जे काम घाईने बिघडत नाही ते त्यांना चांगलं जमे. आबा हिंडूफिरू लागले तशी अक्कांनी हिवाळ्यात डॉक्टरांना शेतात भरताच्या जेवणाला बोलावलं. नगरकर एकटे कुठे जात नसत. पाहायला माणसं लागत. त्या दिवशी त्यांनी दोन कंपाउंडर, भूल देणारे डॉक्टर आणि मला अशी वरात बरोबर घेतली.

शेतात कपाशीच्या पऱ्हाट्यांचा जाळ करून हिरवी वांगी भाजायला घातली होती. भाजलेली वांगी सोलून लाकडी बडजीत मिरच्यांबरोबर ठेचायचं काम अक्का स्वतः करत होत्या. उंच, काटक बाई, पदर खोचलेला, कपाळावर घाम. सुमन, त्यांची सून, कळण्याच्या भाकरी थापत होती. सासू-सुनेचं हसणं-बोलणं चालू होतं. नगरकर भरताची तारीफ करू लागले ते थांबेचनात. तीन वेळा वाढून घेतलं, वर डबा बांधून घेतला.

"खा डाक्टर, पोटभर खा," अक्का म्हणाल्या. "तुम्ही आमना आबाले उभं करं. तुम्हले काय कमी शे आठे?"

नगरकरांनी बोटं चाटली आणि आमच्या डोक्यांवरून पलीकडच्या केळीच्या बागेकडे पाहत जाहीर केलं, "अक्का, हे भरीत म्हणजे औषध आहे. माझ्या पेशंटांना मी हेच लिहून देणार!"

पुढच्या वर्षी सुमनच्या पोटात उजव्या बाजूला कळा येऊ लागल्या. सोनोग्राफीत खडे दिसले. अक्का तिला घेऊन दुसरीकडे कुठे जाणार? सरळ नगरकरांकडे आल्या. मी त्या दिवशी बाकावर होतो. नगरकरांनी चहा सांगितला, आत गेले आणि टपरीवाल्याने कप गोळा करायच्या आत ट्रे घेऊन बाहेर आले. अक्कांच्या बशीत अजून अर्धा चहा होता. "झालं!" म्हणाले. पारोळ्याच्या बाटलीत भर पडली.

तीन-चार दिवसांत सुमनच्या डोळ्यांत पिवळेपणा दिसू लागला. लघवी गडद झाली. मग सगळ्या अंगाला खाज सुटली. साधी खाज नव्हे. पोरीने पायांच्या नडग्या ओरबाडून रक्त काढलं. अन्नावरची वासना पार गेली. अशात गावाहून कुणी भेटायला आलं, त्यांनी डब्यात भरीत आणलं होतं. सुमनने कित्येक दिवसांत काही मागितलं नव्हतं; ते भरीत मात्र तिने मागितलं. अक्कांनी बोटाने थोडंसं तिच्या जिभेला लावलं.

राऊंडला नगरकर आले तेव्हा अक्का त्यांच्या वाटेत उभ्या राहिल्या. "डाक्टर, पोरगी पिवयी पडी ऱ्हायनी. तिना डोया दखा."

"खायला काय दिलंत?"

"काहीच नही. पेज दिन्ही. काल जराखं भरीत चाखं तिनी, बोटभर..."

"झालं!" नगरकर गरकन वळले आणि पूर्ण वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "ऑपरेशन झालेल्या बाईला भरीत! तेल, मिरची! मग कावीळ नाही होणार तर काय होणार? आम्ही इथे जीव तोडून वाचवायचं आणि तुम्ही सासवांनी मारायचं!"

डोळे त्याच्या आधीपासून पिवळे होते, हे अक्का सांगायला गेल्या. पण त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत नगरकर पुढच्या खाटेपाशी पोचले होते. वॉर्डात सुमनची आई बसलेली होती. तिने ते ऐकलं. त्या एका वाक्याने सुमनच्या माहेरच्यांनी अक्कांशी बोलणं टाकलं, आणि आठवड्याभरात पारोळ्याच्या बाजारापर्यंत बातमी गेली की अक्कांनी भरीत घालून सून मारायला घेतली.

पोरगी हातची जायला लागली तेव्हा अक्कांच्या मुलाने तिला उचलून धुळ्याला कोतवालांकडे नेलं. कोतवालांनी पोट उघडलं आणि त्यांना दिसायचं ते दिसलं. यकृतातून आतड्याकडे पित्त नेणारी मुख्य नळी कापून बांधून टाकलेली होती. पित्ताला जायला वाटच नव्हती. त्यांनी रबरी नळी घालून पित्त तात्पुरतं बाहेर काढून दिलं आणि पुढची जोडणी मुंबईला करवून घ्यायला सांगितलं. ती मुंबईला झाली. सुमन जगली. पोटावर आडव्या-उभ्या शिवणी घेऊन आणि अधूनमधून थंडी वाजून येणारा ताप घेऊन जगली.

कोतवालांनी अक्कांना खोलीत बोलावून सांगितलं तेव्हा मी तिथे माझी बॅग घेऊन बसलेलो होतो. त्यांनी मला उठवलंही नाही, एम.आर.ला माणूस धरायची पद्धत नाही. ते म्हणाले, "बाई, पित्ताशय फार जोराने ओढलं ना, की त्याच्या देठाबरोबर मागची मोठी नळी पण ओढली जाते. घाईत तीच देठ वाटते. तसं झालंय. भरताचा काही संबंध नाही." आणि लगेच चष्मा पुसत पुढे म्हणाले, "पण हे मी बाहेर बोललो असं करू नका."

"मंग बाहेर कोन बोली?" अक्कांनी विचारलं.

कोतवाल चष्मा पुसत राहिले. मला नगरकरांची चीड होती, पण त्या क्षणी या सज्जन माणसाची जास्त आली.

अक्कांनी ग्राहक मंचात तक्रार केली. त्यांचे वकील देवरे म्हणून पारोळ्याचे. सदा झोपेतून उठल्यासारखे दिसणारे, तोंडात तंबाखू, आवाज असा बारीक की मागच्या रांगेला ऐकू जाऊ नये. भरपाईचा आकडा त्यांनीच घातला. अक्कांचं म्हणणं वेगळं होतं. त्या मला एकदा मंचाच्या पायरीवर भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "माले पैसा नको. त्यानी वॉर्डमा बठ्ठासना समोर सांगं ना की मी पोरले मारं? आते बठ्ठासनाच समोर सांगाले जोयजे की भरीतमुये नही व्हयनं." त्यांनी त्या दिवसापासून बडजीला हात लावला नव्हता. हिवाळा यायचा, गावात जाळ पेटायचे, आणि अक्का घराबाहेर पडत नसत.

नगरकरांना तक्रारीची नोटीस आली तेव्हा ते आधी हसले. "ग्राहक? मी काय पंखे विकतो?" डॉक्टर काही दुकानदार नाहीत, हा कायदा आपल्याला लागूच नाही, असं त्यांनी लिहून दिलं. यात काही वर्षं गेली. पुढे दिल्लीच्या वरच्या कोर्टाने डॉक्टरही या कायद्यात येतात असं ठरवलं आणि सुनावणी खरोखर सुरू झाली. जिल्ह्यातल्या डॉक्टर मंडळींनी सभा घेऊन नगरकरांच्या पाठीशी असल्याचा ठराव केला. सभेनंतर बासुंदी होती. जे डॉक्टर एकमेकांच्या पाटीवर शेण फेकायला कमी करत नसत ते त्या दिवशी खांद्याला खांदा लावून बासुंदी पीत होते. जळगावातला एकही सर्जन अक्कांच्या बाजूने मत द्यायला तयार झाला नाही. कोतवालांना साक्षीला बोलावलं, तर त्यांनी शपथेवर सांगितलं की पोटात भाग दाट चिकटलेले होते आणि अशी गुंतागुंत जगात कुठेही, कोणाच्याही हातून होऊ शकते. सांगताना त्यांनी अक्कांकडे पाहिलं नाही.

नगरकरांच्या बाजूला जळगावातले नावाजलेले वकील. त्यांनी लेखी म्हणणं मोठं देखणं बनवलं होतं. पित्ताशय घट्ट चिकटलेलं होतं, नळ्यांची ठेवण जन्मतःच वेगळी होती, डॉक्टरांनी अडीच तास खपून एकेक नळी सोडवून ओळखून घेतली, आणि नंतरची कावीळ ही पथ्य मोडून तेलकट भरीत खाऊ घातल्यामुळे झाली. सगळं चोख. देवरे वकिलांकडे त्याला तोडायला काहीच नव्हतं. हरणार हे त्यांनाही माहीत होतं, आम्हालाही.

नगरकरांच्या उलटतपासणीच्या दिवशी आम्हा चार-पाच एम.आर. मंडळींना हजर राहायचा निरोप होता. त्यांना प्रेक्षक हवे होते. मंचाची ती खोली लहान, पंखा कुरकुरणारा. अक्का एका टोकाला, त्यांच्या शेजारी सुमन. कोतवालही आले होते. त्यांच्या साक्षीवरची राहिलेली सही घ्यायची होती. नगरकर नवा सफारी घालून आले आणि बसण्याआधी त्यांनी खोलीत किती माणसं आहेत ते पाहून घेतलं.

देवरे उठले. "साहेब, पित्ताशय घट्ट चिकटलेलं होतं?"

"होतं."

"नळ्यांची ठेवण निराळी होती?"

"होती."

"म्हणून तुम्ही अडीच तास खपून काम केलंत."

"केलं."

देवरेंनी कागद खाली ठेवले. मग अगदी सहज, गप्पा माराव्यात तसे म्हणाले, "अडीच तास म्हणजे जरा जास्तच नाही का हो? मी आपला खेड्यातला माणूस. पण हे आपले कोतवालसाहेब म्हणे यापेक्षा लवकर उरकतात."

मी नगरकरांकडे पाहिलं. त्यांचे कान लाल झाले होते.

"कोण म्हणतं?"

"लोक म्हणतात साहेब. लोकांचं काय. नगरकरांचा हात हल्ली जड झालाय, असंही म्हणतात."

नगरकरांचे वकील ताडकन उठले आणि हरकत म्हणून ओरडले. पण त्यांचं वाक्यही नगरकरांनी पुरं होऊ दिलं नाही.

"जड? माझा हात जड?" ते उभे राहिले. "या बाईला विचारा! होतात ना तुम्ही बाकावर? तुमच्या बशीतला चहा निवला नव्हता, मी ट्रे घेऊन बाहेर होतो! कोतवालांनी तोवर नुसतं पोट उघडलं असतं! अख्ख्या खानदेशात असा हात दाखवा मला! अडीच तास? माझं नाव काय अडीच तास लावायला..."

मग त्यांना कळलं. पण तोंड बंद करणं त्यांना आयुष्यात जमलेलं नव्हतं.

देवरे हळूच म्हणाले, "मग त्या नळ्या ओळखून केव्हा घेतल्या?"

"ओळखायला काय लागतं? हाताला कळतं! देठ धरायचा, ओढायचा, कापायचा. झालं!" आणि त्यांनी भर मंचात डाव्या हाताने तो पेरू ओढून दाखवला.

त्यांच्या वकिलांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. अध्यक्ष टायपिस्टला सांगत होते, "लिहा. चहा निवण्यापूर्वी बाहेर आलो." कोतवाल खाली मान घालून बसले होते. देवरे वकिलांनी खिडकीतून बाहेर थुंकण्याची परवानगी मागितली आणि ती मिळाली.

तेवढ्यात अक्का उठल्या. "साहेब, माले एकच इचारनं शे. मंग भरीतमुये नही ना व्हयनं?"

अध्यक्षांनी नगरकरांकडे पाहिलं. खोलीत प्रत्येकाला उत्तर माहीत होतं. नगरकर सफारीची कॉलर नीट करत म्हणाले, "भरीत तेलकट असतंच." आणि निघून गेले. एवढा हलकटपणा मी दुसऱ्या कुणात पाहिला नाही, आणि माझ्या नोकरीत मी पुष्कळ माणसं पाहिली.

निकाल अक्कांच्या बाजूने लागला. निष्काळजीपणा सिद्ध झाला असं मंचाने लिहिलं. भरताबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. कायद्याला त्याची गरज पडली नसावी. नगरकरांनी मुंबईला अपील केलं आणि ते तिथे लोंबकळत पडलं. एखाद्याला लाज वाटली असती. नगरकरांनी निकालाची झेरॉक्स काढून ठेवली. महिन्याभराने मी गेलो तर त्यांनी स्वतः ती माझ्यापुढे टाकली आणि त्यातल्या ओळीवर बोट ठेवलं. "हे वाचा. सरकारी कागदावर आलंय. चहा निवण्यापूर्वी. आता कुणाची काय बिशाद आहे?" बाटल्यांच्या कपाटात पारोळ्याची बाटली जागेवरच होती. व्हरांड्यात चहा येतच होता.

त्यानंतर माझी बदली झाली. तीन-चार हिवाळ्यांनी एकदा पारोळ्याच्या एका मेडिकल दुकानदाराचं आमंत्रण आलं. त्याचे वडील म्हणजे अक्कांच्या गावचे पुढारी. त्यांच्या एकसष्टीनिमित्त शेतात भरताची पंगत होती. मी जुन्या ओळखीने गेलो. पाहतो तो पाहुण्यांच्या रांगेत खांद्यावर शाल घेऊन डॉ. नगरकर बसलेले. सत्कार म्हटला की ते कुठेही जात. केस विरळ झाले होते, बाकी सगळं तेच. शेजारच्या माणसाला पेरू कसा ओढायचा ते दाखवत होते.

पलीकडे बायकांची गर्दी होती आणि बडजीपाशी अक्का होत्या. दुकानदार मला म्हणाला, "आमच्या आईने भरीत ठेचायला बोलावलं तर अक्का आधी नाही म्हणाल्या. मग पाहुणे कोण येणार ते विचारलं, आणि म्हणाल्या, मी येसू."

पंगत बसली. अक्का भरताचं पातेलं घेऊन वाढायला निघाल्या, त्यांच्यामागे भाकरीची टोपली घेऊन सुमन. अक्का एकेक पान वाढत नगरकरांच्या पानाशी आल्या. नगरकरांनी वर पाहिलं आणि पानावर हात आडवा धरला. "मला तेलकट बंद आहे."

"काबर डाक्टर? पिवयं व्हवानं भ्यान वाटस का?"

आजूबाजूचे जेवायचे थांबले. पुढारी उगीच हसले. अक्कांनी पातेल्यातलं थोडं भरीत घेऊन सुमनच्या हातावर ठेवलं. सुमनने ते नगरकरांच्या समोर उभं राहून खाल्लं. सावकाश खाल्लं, बोटं चाटली, आणि तिथेच उभी राहिली. बायकांच्या घोळक्यात पुढेच तिची आई होती; पंगतीचं आमंत्रण तिलाही होतं.

"आते सांगा डाक्टर," अक्का म्हणाल्या. "भरीतमुये काही व्हस का?"

नगरकरांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. एवढे प्रेक्षक, आणि एकही त्यांच्या बाजूचा नव्हता. पानावरचा हात त्यांनी मागे घेतला. "नाही," ते पुटपुटले.

"मोठाइने बोला. माले कमी ऐकू येस."

"नाही होत. भरताने काही नाही होत."

"हिले जे व्हयनं ते?"

नगरकरांनी खांद्यावरची शाल सावरली. "ते... ते भरताने नाही झालं."

अक्कांनी त्यांच्या पानावर भरीत वाढलं. नीट, पाहुण्याला वाढावं तसं, कडेला मिरचीचा ठेचा आणि कांदा ठेवून. सुमनने भाकरी ठेवली. दोघी पुढच्या पानाकडे गेल्या. पलीकडे सुमनची आई पदराने डोळे पुसत होती, आणि थोड्या वेळाने ती बडजीपाशी जाऊन अक्कांच्या जागेवर बसली आणि उरलेली वांगी ठेचू लागली.

नगरकर जेवत होते. एक घास, मग थांबणं, मग दुसरा घास. ते कुणाशी बोलले नाहीत. पंगत उठली, लोक हात धुवायला गेले, मागून चहा आला, आणि मुलं पत्रावळी उचलू लागली तरी ते तिथेच बसलेले होते. मी निघताना त्यांच्या बाजूने गेलो. त्यांनी मला ओळखलं की नाही, कळलं नाही. पान अजून अर्धं भरलेलं होतं, आणि शेजारी ठेवलेला चहा केव्हाच निवून गेला होता.